आईचा ‘मंगळवार’

आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तक्रारी मी बरीच वर्षं लिहून घेते आहे. बाई सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपले शब्द तिच्या तोंडी घालायचे नाहीत, हे मी नव्या कार्यकर्त्यांना शिबिरांतून अनेकदा सांगितलं आहे. तरीही 2019 साली मी एक अर्ज लिहिला आणि त्यात माझ्या सख्ख्या आईबद्दल ‘तिला काहीही समजत नाही’ असं लिहिलं. खाली सही माझी. तो अर्ज आज कोर्टात माझ्याच घरातल्या एका बाईच्या विरोधात पुरावा म्हणून दाखल झाला आहे. त्या अर्जापर्यंत मी कशी पोचले आणि त्यातून काय शिकले, ते मैत्रिणींसमोर मांडायचं आहे. घरातली भांडणं चव्हाट्यावर आणायची हौस नाही. पण प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही.

वाचा बसली

जानेवारी 2019 मध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ती 67 वर्षांची होती. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिनं जन्मभर शेती केली, आणि दर मंगळवारी तालुक्याच्या बाजारात बसून भाजी विकली. झटक्यात उजवा हात आणि पाय गेला, आणि गावाच्या भाषेत सांगायचं तर ‘वाचा बसली’. दोन महिन्यांनी काठी धरून ती अंगणापर्यंत जायला लागली. वाचा मात्र परत आली ती एकच शब्द घेऊन. तो शब्द होता ‘मंगळवार’.

पाणी हवं असलं तरी मंगळवार. शेळी सुटली तरी मंगळवार. मी पुण्याहून गेले की माझ्या तोंडावरून डावा हात फिरवत रडायची, तेव्हाही मंगळवार. त्याच्या जोडीला एक ‘हो’ होता, पण तो आपसूक निघायचा. ‘जेवलीस?’ हो. ‘जेवली नाहीस ना?’ त्यालाही हो. एक ते दहा आकडे एका दमात म्हणायची. आरती सुरू झाली की दोन-चार ओळी सुरात जायच्या. रागावली की शिवी स्वच्छ यायची. पण ‘चार म्हणून दाखव’ म्हटलं की पुन्हा मंगळवार.

भावकीनं निदान करून टाकलं: म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी देवऋषाकडे न्यायला सांगितलं. कुणी म्हणालं, मंगळवारी काहीतरी बाधलं असेल.

या विकाराला इंग्रजीत अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की भाषा मोडते. जीभ लुळी पडून बोलणं अस्पष्ट होतं, तो प्रकार वेगळा. इथे जीभ चालते, पण नेमका शब्द हाती लागत नाही. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरनं लबोर्न नावाच्या एका रुग्णाची हकीकत मांडली. हा माणूस अनेक वर्षं फक्त ‘तां’ एवढंच बोलायचा, हातवाऱ्यांनी बाकीचं सांगायचा, आणि समोरच्याला कळलं नाही की चिडायचा. तो वारल्यावर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात इजा सापडली. पुढे 1874 साली जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार दाखवला. त्यात माणूस भराभर बोलतो, पण शब्दांचा मेळ लागत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला नीट उमगत नाही. आकडे, आरत्या, शिव्या अशा घोकून अंगवळणी पडलेल्या गोष्टी पुष्कळदा शिल्लक राहतात, कारण त्या जुळवाव्या लागत नाहीत.

‘बोलता येत नाही तर लिहून दाखव’ हा उपायही चालत नाही. लिहिणं-वाचणं हीसुद्धा भाषाच, तीही मोडलेली असते. आणि माझी आई मुळात चौथी शिकलेली.

पण भाषा मोडली म्हणजे अक्कल गेली असं नाही. माणसं ओळखणं, हिशेबाची जाण, लाजलज्जा, राग, कोण आपल्याशी कसं वागतं याचं भान हे सगळं जागेवर असू शकतं. आईला लांबलचक वाक्यं एकदम सांगितली की गोंधळ व्हायचा. छोट्या वाक्यांत, थांबत थांबत सांगितलं की कळायचं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी ते घरात पाहत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते.

त्या दिवशी काय झालं

वडील 2011 साली गेले. सातबाऱ्यावर आईचं, दोन भावांचं आणि माझं नाव लागलं. थोरला दादा 2014 साली वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर चारच महिन्यांत वहिनींनी हक्कसोडपत्र लिहून दिलं. ‘राहायचं इथंच आहे, मग भांडून कुठं जाऊ’ असं त्या म्हणाल्या होत्या. मी तेव्हा त्यांच्या पाठीशी उभी राहायला हवं होतं. मी माझ्या कामांत होते. माझा हिस्सा मात्र मी सोडला नव्हता, आणि धाकट्या भावाला ते खुपत होतं.

ऑगस्ट 2019 मध्ये धाकटा भाऊ आईला गाडीत घालून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेला. तिचा विहिरीकडचा हिस्सा त्याच्या नावे बक्षीसपत्रानं करायचा होता. मला शेजारच्या मुलीनं फोन केला. मी योगायोगानं तालुक्यातच होते, धावत पोचले. तेवढ्यात साहेबांनी आईला विचारलं होतं, ‘आजी, तुमची संमती आहे ना?’ आणि आई म्हणाली होती, ‘हो.’

तोच हो, जो जेवलीस ना म्हटलं तरी यायचा आणि जेवली नाहीस ना म्हटलं तरी यायचा.

मी ओरडले, ‘साहेब, तिला काही समजत नाही! तिला झटका आलाय, डोकं काम करत नाही!’ तिथेच बाकावर बसून तसा अर्ज लिहून दिला. साहेबांनी दस्त थांबवला. मी जिंकले होते. आईकडे वळून हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दोन दिवस ती माझ्याशी मंगळवारसुद्धा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी वहिनी हळूच म्हणाल्या, ‘वन्सं, आत्यांना समदं कळतंय. भाऊजींनी त्यांचा अंगठा चोरायला नेलं, आन् तुम्ही त्यांना येडं ठरवून घरला आणलं.’

मैत्रिणींनो, इतक्या वर्षांच्या कामात मला कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. भावाला आईचा ‘हो’ सोयीचा होता म्हणून तो तेवढाच ऐकत होता. मला तिचं काहीच न कळणं सोयीचं होतं म्हणून मी तेवढंच पाहिलं. तिला विचारलं मात्र दोघांनीही नव्हतं.

अर्थ कुठे राहतो?

त्यानंतर मी महिनाभर गावी राहिले आणि वहिनींना आईशी बोलताना नीट बघितलं. त्यांना मंगळवार हा एक शब्द वाटतच नव्हता. आखूड, खाली पडणारा मंगळवार म्हणजे नको, पुरे. शेवटी हेल वर गेला की प्रश्न: कोण आलं, कुठं गेली होतीस. तुटक, दोनदा म्हटला की घाई. वहिनी आधी आईच्या नजरेकडे बघायच्या, मग एक अंदाज सांगायच्या. ‘शेंगांचं म्हणताय?’ थांबायच्या. आईचा चेहरा तसाच. ‘शेतातलं काही?’ आईची मान हलली. ‘मोटारीचं?’ मंगळवार, वर चढणारा. ‘मोटार बंद झाली का विचारताय? झाली, बंद करून आले.’ आई निवांत. चार वाक्यांचं हे बोलणं व्हायला पाच मिनिटं लागायची. त्यात आईचा शब्द एकच, तोही चुकीचा. तरी विचारणारी आईच होती, आणि तिला उत्तर मिळालं होतं.

आपण धरून चालतो की अर्थ शब्दांत भरलेला असतो. बोलणारा तो पाठवतो, ऐकणारा उघडून घेतो. रोजचं बोलणं तसं नसतंच. ‘डाळ संपत आली’ असं नवऱ्याला म्हणणारी बाई डाळीबद्दलची बातमी देत नसते. ‘झालं का गं अजून?’ हा सासूचा प्रश्न नसतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं 1975 साली छापलेल्या निबंधात हा फरक नीट मांडला: उच्चारलेलं एक आणि म्हणायचं असलेलं दुसरं. ऐकणारा दोन्हींतलं अंतर भरून काढतो, कारण समोरचा काहीतरी अर्थाचं बोलतो आहे यावर त्याचा विश्वास असतो. हे अंतर भरण्याची ताकदही मेंदूच्या इजेनं जाऊ शकते. उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींचे शब्द, व्याकरण सगळं ठीक असतं, पण टोमणा, थट्टा, आडून बोललेलं कळत नाही. अशा माणसाला कुणी आजारी म्हणत नाही, तऱ्हेवाईक म्हणतात.

समोरचा अर्थाचं बोलतो आहे हा विश्वास मला फार महत्त्वाचा वाटतो. तो आपण ज्याच्यावरून काढून घेतो, त्याचं बोलणं त्या क्षणी बडबड ठरतं. माझ्या आईचं तेच झालं होतं.

चार्ल्स गुडविन या अमेरिकी अभ्यासकानं 1995 साली एका वाचाघात झालेल्या माणसाच्या संभाषणांवर निबंध लिहिला. हे गृहस्थ त्याचे वडील होते. त्यांच्याकडे तीनच शब्द उरले होते: हो, नाही आणि ‘आणि’. गुडविननं घरातली बोलणी चित्रित करून बारकाईनं तपासली. तीन शब्दांचा माणूस हेल, हातवारे आणि नजर वापरून, दुसऱ्यांच्या तोंडून हवे ते शब्द काढून घेऊन, चुकीचा अंदाज आला की नाकारून, पूर्ण वाक्याएवढं म्हणणं मांडत होता. त्याचा अर्थ त्याच्या एकट्याच्या डोक्यात नव्हता, तो बोलणाऱ्या सगळ्यांमध्ये मिळून तयार होत होता. सांगली जिल्ह्यातल्या चुलीपाशी माझ्या वहिनी तेच करत होत्या. त्यांच्यावर निबंध लिहायला कुणी आलं नाही एवढंच.

हे काम कोण करतं?

संभाषण हे काम आहे, आणि ते बायका करतात, हे स्त्रीवादी अभ्यासकांनी फार आधी दाखवलं आहे. पॅमेला फिशमन यांनी 1978 साली अमेरिकेतल्या तीन जोडप्यांच्या घरातलं बावन्न तासांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारून विषय चालू ठेवणं, दुसऱ्याच्या बोलण्याला ‘हं, मग?’ म्हणून आधार देणं, हे काम बायका करत होत्या. पुरुषांनी काढलेले विषय चालायचे, कारण बायका ते उचलून धरायच्या. बायकांनी काढलेले विषय मरून जायचे, कारण पलीकडून प्रतिसादच यायचा नाही.

म्हणजे पुरुषांना वाचाघात झाला तरी त्यांच्याभोवती बहुधा अर्थ लावायला शिकलेली एक बाई असते, बायको, मुलगी, सून. बाईला वाचाघात झाला तर? माझ्या आईला वहिनी मिळाल्या हे तिचं नशीब. धाकट्याला एकदा विचारलं, ‘तू आईशी बोलतोस का?’ तो म्हणाला, ‘तिला बोलता कुठं येतंय?’

जिल्ह्याच्या गावी आम्हाला एक वाचोपचार करणारी बाई भेटली. चांगली होती. तिच्याकडच्या चित्रांत विमान, सफरचंद, छत्री, पियानो असं होतं. आई ती बघून कंटाळायची. मग वहिनींनीच खुरपं, पाटी, सूप, तराजू, मोटारीचा स्टार्टर, शेळी यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि आई एकदम सरसावून बसली. उपचार करणाऱ्या बाईंनी ते मनापासून मान्य केलं आणि पुढे तेच वापरले. पण तिथपर्यंत जायला एस.टी.नं जाऊन-येऊन चार तास, एका माणसाची मजुरी बुडणार. ‘घरच्यांनी रोज तासभर सराव करून घ्यायचा’ असं कागदावर लिहून मिळालं. घरच्यांनी म्हणजे कुणी, ते कागदावर लिहिलेलं नसतं. आपल्या देशात म्हैसूरला वाक्-श्रवण संस्था 1965 साली स्थापन झाली, मुंबईत 1983 साली राष्ट्रीय संस्था आली. पण खेड्यातल्या बाईपर्यंत हे ज्ञान आणायचं तर त्याची वाट अजून एका बिनपगारी बाईच्या दिवसातूनच जाते.

‘हो’ कुणाचा, ‘नाही’ कुणाचं?

बाईच्या संमतीचा अर्थ दुसऱ्यांनीच लावायचा, हा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही. चळवळीची ती पिढी उभी राहिली तीच या प्रश्नावर. 1972 साली आपल्याच राज्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यातून न्यायालयानं तिचं न बोलणं संमतीच्या बाजूनं वाचलं. चार कायदा-प्राध्यापकांच्या जाहीर पत्रानं आणि देशभरच्या मोर्चांनी ते वाचन बदलायची मागणी केली. कायद्यात 1983 साली दुरुस्ती झाली. 2013 च्या दुरुस्तीत तर संमती म्हणजे शब्दांतून, हावभावांतून किंवा इतर मार्गांनी दिलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी, अशी व्याख्या आली. म्हणजे शब्दांपलीकडचं बोलणंही बोलणंच आहे, हे कायदा मान्य करतो.

त्याहून जुनी गोष्ट सांगते. 1885 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. दुलारी नावाच्या बाईचा गळा वस्तऱ्यानं कापलेला होता. ती जिवंत होती, शुद्धीवर होती, पण बोलू शकत नव्हती. तिला नावं घेऊन प्रश्न विचारले गेले, तिनं हाताच्या खुणांनी उत्तरं दिली. ती वारली. तिचा तो जबाब ‘तोंडी’ म्हणायचा का, असा वाद झाला. पूर्णपीठानं सांगितलं की विचारलेले प्रश्न आणि तिच्या खुणा एकत्र धरल्या की तो जबाबच होतो. प्रश्न एकाचा, खूण दुसरीची, आणि अर्थ दोन्हींचा मिळून. गुडविनच्या शंभरएक वर्षं आधी, वसाहतीच्या कोर्टात, एका गळा कापलेल्या बाईनं हे सिद्ध केलं होतं.

अपंगत्वाच्या कायद्यात मात्र वाचाघात फार उशिरा आला. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाणी-भाषेचं नाव नव्हतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यांत वाचाघातामुळे आलेलं वाणी व भाषेचं कायमचं अपंगत्वही आलं. याच कायद्याचं 13 वं कलम मी प्रत्येक कार्यकर्तीनं वाचावं म्हणते. अपंग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, तिचे व्यवहार करण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. त्यासाठी तिला मदतनीस घेता येतो. पण एखाद्या व्यवहारात मदतनिसाचेच हितसंबंध गुंतले असतील, तर त्यानं त्या व्यवहारात मदत करू नये.

हे कलम वाचलं तेव्हा मला घाम फुटला. भाऊ तर त्यात बसतच होता. पण विहिरीकडचा हिस्सा आईकडे राहिला तर तिच्यामागे त्यात मलाही वाटा मिळणार होता. कार्यालयात मी आईच्या वतीनं ओरडले, तेव्हा मी निव्वळ कार्यकर्ती नव्हते, वारसही होते.

आई काय म्हणाली

आईला काय हवं होतं? हे आम्ही विचारायला सुरुवात केली ती सप्टेंबरमध्ये. वाचोपचार करणाऱ्या बाई दोनदा गावी आल्या. घरातल्या सगळ्यांचे फोटो, शेताचा हातानं काढलेला नकाशा, तांदूळ आणि वाटीभर खडे, एवढंच सामान. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. तोच प्रश्न उलटाही विचारायचा: ‘हे धाकट्याला द्यायचं?’ आणि थोड्या वेळानं ‘हे धाकट्याला द्यायचं नाही?’ दोन्हीला हो आलं तर एकही हो धरायचा नाही. वेगळ्या दिवशी, फोटोंची जागा बदलून पुन्हा विचारायचं. उत्तर तेच आलं तरच ते उत्तर. आम्हा तिघांनाही, भाऊ, वहिनी आणि मी, खोलीबाहेर बसवलं होतं. आत त्या बाई, गावातल्या शाळेचे निवृत्त गुरुजी आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर.

माझी खात्री होती की ती हिस्सा दोघा मुलांत सारखा ठेवेल. भावाची खात्री होती की त्यालाच देईल. आईनं विहिरीकडच्या तुकड्यावर डावा हात ठेवला आणि वहिनींचा फोटो उचलून त्यावर ठेवला. पहिल्या दिवशी ठेवला, आठ दिवसांनी ठेवला. धाकट्याचा फोटो ठेवून पाहिला तर तो तिनं काढला आणि घराच्या चित्रावर ठेवला. माझा फोटो ठेवला तेव्हा हसली आणि तो माझ्या वाट्याच्या तुकड्यावर सरकवला. म्हणजे तुझं तुला आहे की.

पुढे मी कायदा पाहिला तेव्हा तिचं शहाणपण कळलं. हिंदू वारसा कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली तर मुलगे आणि मुली वारस होतात. आधी वारलेल्या मुलाची मुलंही होतात. त्या मुलाची विधवा मात्र त्यात नाही. आई काही न करता गेली असती तर वहिनींच्या हाती काहीच पडलं नसतं. मी ‘समजत नाही’ म्हणून जिला गप्प केलं होतं, तिला घरातल्या सर्वांत निराधार बाईची जागा माझ्याआधी दिसली होती.

डिसेंबर 2019 मध्ये आईनं डाव्या अंगठ्यानं मृत्युपत्र केलं. 1925 च्या वारसा कायद्यातच स्पष्ट म्हटलं आहे की बोलता, ऐकता किंवा पाहता न येणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत असेल, तर त्यांना मृत्युपत्र करता येतं. आई 2022 साली गेली. भावानं मृत्युपत्राला आव्हान दिलं. त्याच्या वकिलांचा मुख्य आधार आहे तो माझा ऑगस्ट 2019 चा अर्ज: सख्खी मुलगी लिहून देते की आईला काहीही समजत नव्हतं, मग चार महिन्यांत समज आली कुठून? उलटतपासणीत मला उभं राहून सांगायचं आहे की माझा अर्ज खोटा होता, माझ्या आईचा मंगळवार खरा होता. मी सांगणार आहे. लाज वाटते, पण सांगणार आहे.

आपल्या केंद्रांसाठी

‘मी पायरीवरून पडले’ असं सांगणाऱ्या बाईचं खरं म्हणणं ऐकायला आपण शिकलो. तिच्या बरोबर आलेल्या सासूला बाहेर बसवायला शिकलो. तेच कान वाचाघात झालेल्या, गतिमंद, अडखळत बोलणाऱ्या, मूकबधिर बायकांसाठीही हवेत. माझ्या चुकीतून सुचलेल्या काही गोष्टी लिहिते.

अन्याय थांबवण्यासाठी बाईला ‘समजत नाही’ असं कधीही लिहू नये. ‘विचारण्याची पद्धत योग्य नव्हती, संमती तपासली गेली नाही’ असं लिहावं. शिवाय आजारानं मनाची अवस्था बिघडलेल्या माणसाकडून दडपणाखाली करून घेतलेल्या व्यवहाराविरुद्ध 1872 च्या करार कायद्याचं 16 वं कलम आहे. मी त्या दिवशी तेवढं लिहिलं असतं तरी बहुधा दस्त थांबला असता.

एकाच ‘हो’वर विसंबू नये. प्रश्न उलटसुलट विचारावा, वेळ द्यावा, चित्रं, वस्तू, फोटो जवळ ठेवावेत. टोरांटोच्या ऑरा केगन यांनी वाचाघाताच्या रुग्णांसाठी संभाषणाची जी पद्धत घडवली, तिचं सूत्र सोपं आहे: तुम्हाला कळतं हे मला माहीत आहे, असं आधी त्या माणसाला जाणवून द्यायचं, आणि मग त्याला जे कळतं ते बाहेर येईल अशी सोय करायची.

अर्थ लावून सांगणारी व्यक्ती कोण आहे, तिचा त्यात काय लाभ आहे, हे विचारावं. यात आपणही आलो. आमच्या बाबतीत आईला सर्वांत जास्त समजणाऱ्या वहिनीच मृत्युपत्राच्या लाभार्थी होत्या, म्हणून त्यांनाही बाहेर बसवावं लागलं. त्यांना ते लागलं. तरी ते योग्यच होतं, कारण आज कोर्टात तेवढाच एक मुद्दा आमच्या बाजूनं भक्कम आहे.

बलात्काराच्या किंवा हिंसेच्या तक्रारीत पीडित बाई बोलू शकत नसेल तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक मागावा आणि चित्रीकरण मागावं. 2013 पासून कायद्यात ही तरतूद आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही ती कायम आहे. पोलीस ठाण्यात ती आपणहून कुणी सांगेल याची वाट बघू नये.

आणि शेवटचं. घरात अशा बाईचा अर्थ लावत बसणारी जी दुसरी बाई असते, तिचं ते काम आहे हे आपण तरी म्हणावं. ‘सेवा’ म्हणून ते झाकलं जातं.

वहिनींना मी परवा विचारलं, ‘तुम्हाला आईचं इतकं कसं कळायचं हो?’ त्या म्हणाल्या, ‘कळायचं कुठं? मी चुकायचीच की. चुकलं की आत्या मान हलवायच्या, मग परत इचारायची.’

तालुक्याचा बाजार अजून मंगळवारीच भरतो. आईच्या जागेवर वहिनी बसतात. भाजी विहिरीकडची असते. दाव्याची पुढची तारीख लागली की कळवीनच. आपल्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल, विशेषतः बोलता न येणाऱ्या बाईची संमती कोर्टात किंवा कचेरीत मान्य करून घ्यावी लागली असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं. मला त्याची आज फार गरज आहे.